शेऱ्याचा रकाना

वेंगुर्ल्याच्या बंदरावर बर्फाचा कारखाना आहे,
त्याची वही मी लिहितो.
किती लाद्या गेल्या, किती फुटल्या, कोणाची उधारी.
मागची थंड खोली आवेलिना सोज हिला दिली आहे,
भाडं : थोडे पैसे आणि महिन्याला एक डबा.
मे महिन्यात आमच्याकडे चॉकलेटला
दुसरीकडे कुठेच अंग सावरता येत नाही.

सात वर्षं ती प्रवासी जहाजाच्या पोटात होती,
जिथे स्वयंपाकघराला खिडकी नसते
आणि वरचे लोक दिवसातून पाचदा जेवतात.
तिथून तिने आणलं ते एवढंच :
संगमरवराची एक फरशी, एक तापमापक,
मनगटावर भाजल्याचा डाग.

आज पहिला माल गोव्याच्या हॉटेलात जायचा.
"आधी तुम्ही खा," ती म्हणाली.
"तिथले लोक सगळ्यालाच छान म्हणतात.
तुम्ही तोंड वाकडं केलंत तर मला कळेल."

बर्फ फोडायच्या फळीवर केळीचं पान,
पानावर काळे गोळे, ओबडधोबड,
उंडीच्या बियांएवढे.
मुसाभाय म्हणाला, "बकरीच्या..." आणि थांबला.
सत्यवती कुबल हसली,
हसता हसताच तिने पहिला उचलला.

तिरफळ.
आधी नुसता कोको, कडसर,
मग जिभेच्या टोकाला मुंग्या,
मग ओठ आपले राहत नाहीत.
"जीब निजली गो माजी," सत्यवती म्हणाली,
आणि जरा थांबून, खऱ्याच काळजीने,
"पण ह्यात बांगडो खंय आसा?"
नवऱ्याशिवाय माहेरी आलेल्या लेकीला विचारावं
तशी ती विचारत होती.

दुसरा सोलांचा. भिवाने एक डोळा मिटला,
उघडला, आणखी एक मागितला.

तिसरा सुरंगीचा. ह्यावर भांडण.
भिवा म्हणे, फूल माळायचं असतं, गिळायचं नसतं.
मुसाभाय तो गालात धरून बसला
आणि पार विरल्यावर म्हणाला,
"आरवलीच्या एस्टीत
बायकांच्या मागचा बाक मिळाल्यासारखं वाटतं."

चौथ्यात सोडे, भाजून, दळून.
तो सगळ्यांनी थुंकला.
दारातल्या मांजरानेही हुंगून सोडून दिला.
आवेलिनाने कागदावर काट मारली.
तोंडावर काही दिसू दिलं नाही.

मला मधुमेह आहे, मी नुसता बघत होतो.
शेवटचा तिने माझ्यापुढे केला.
"ह्यात काय आहे ते सांगणार नाही. अर्धा घ्या."

गोड जवळजवळ नव्हतंच.
दाट, कडू, आणि सगळं विरल्यावर
शिरोड्याच्या आगरातलं जाडं मीठ
दाताखाली करकरलं.
त्याच्याही मागे आणखी काहीतरी होतं.
करवंटीचा धूर?
इतरांनी मग एकेक चिमूट चाखली.
भिवा म्हणाला, काजूचं बोंड.
मुसाभाय म्हणाला, डिझेल. पण चांगल्यातलं डिझेल.
सत्यवतीने उरलेला तोंडात टाकला,
खूप वेळ बोलली नाही,
मग पदराने ओठ पुसून,
"होडी पाटी इली काय
तांडेलाच्या बनियानाक असोच वास येता,"
म्हणाली, आणि टोपली उचलून
लिलावाला निघून गेली.

खरं काय ते आवेलिनाने सांगितलंच नाही.
एवढंच विचारलं,
"म्हणजे ठेवू, की काढू?"
तेवढ्यात कॉम्प्रेसर सुरू झाला,
फळी थरथरली, पान थरथरलं,
उत्तर कोणी दिलं असलं तरी ऐकू आलं नाही.

संध्याकाळी वही उघडली.
लाद्या दोनशे दहा. फुटल्या चार.
सोज, मे महिन्याचं भाडं : पैसे मिळाले,
डबा मिळाला, आतला माल जागीच संपला.
जीभ अजून दाढेमागे काहीतरी शोधत होती.
साखर वाढली असणार.
शेऱ्याच्या रकान्यात मी पेन्सिलीने
एकच शब्द लिहिला :
ठेव.

हिशेब तपासायला येणारा
रक्कम विचारील.